एकदाच विचारून जाऊ नये

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात मी लागले तेव्हा माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'आहारतज्ज्ञ' असं लिहिलेलं होतं. पेशंटांचं सोडा, तो शब्द आमच्या कारकुनाच्याही तोंडात बसेना. डॉक्टर मंडळी 'डाएटिशियन' म्हणत. त्याचं आयांनी आणि वॉर्डबॉयांनी मिळून 'डायटीबाई' करून टाकलं. पेशंटांना तेही जड जाई. ते सरळ 'भाकरीवाली बाई' म्हणत. धरणगावला माझ्या वडिलांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "भाकरीवालीच व्हायचं होतं तर बडोद्याला शिकायला कशाला पाठवली? तुझ्या आईनं फुकटात शिकवलं असतं." घरचा आहेर म्हणतात तो हा.

एकोणीसशे साठच्या दशकातली अखेरची वर्षं होती. अंगात शिकून आल्याची मस्ती होती आणि स्वभाव मुळातच तिखट. कुठल्या रोग्याला किती उष्मांक, किती प्रथिनं, मीठ किती, तेल किती, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. शिकताना आम्हाला एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. ताटात काय पडतं याचा हिशेब सोपा असतो, पोटात काय जातं याचा अवघड.

आमचं स्वयंपाकघर वॉर्डांच्या मागच्या अंगाला होतं. लाकडावरच्या मोठाल्या चुली, काळीठिक्कर पातेली आणि भिंतीला टेकून उभी केलेली काठवट. पहाटेपासून भाकरीच्या थापांचा आवाज सुरू होई. पांझरा नदीवरून वारा आला की वरणाच्या फोडणीचा वास थेट बाहेरच्या टांगेवाल्यांपर्यंत जाई, आणि त्यातला एखादा घोड्याला चारा टाकता टाकता ओरडे, "बाई, आमचं बी नाव दाखल करा!" आज कुठल्याही दवाखान्यात शिरले की फिनेलचा वास येतो. मला अजून त्यात ते वरण शोधायची खोड आहे.

जेवण वाढायला एक ढकलगाडी होती आणि ती ढकलायला नाना. नाना म्हणजे आमचे वाढपी. उंच, किंचित वाकलेले, डोक्यावर पांढरी टोपी, कामाला वाघ. गाडी खाटेपाशी थांबे, ताटात भाकरी, भाजी, वरण पडे. सगळा वॉर्ड वाढून झाला की नाना ओगराळं आणि टोपली घेऊन परत एक फेरी मारत. "आखो देऊ का?" आखो म्हणजे आणखी. पेशंट मान हलवी, नाना पुढच्या खाटेकडे. त्यांच्या वेगाचं मला फार कौतुक होतं. अन्न गरम असताना शेवटच्या खाटेपर्यंत पोचलं पाहिजे, हा नियम मीच घातला होता.

बायकांच्या सर्जिकल वॉर्डात भडगावकडची एक बाई दाखल होती. चाळिशीच्या आसपासची, गिरणेकाठच्या एका खेड्यातली. सगळे तिला अक्का म्हणत. कपाशीनं भरलेल्या बैलगाडीचं चाक तिच्या पायावरून गेलं होतं. हाड नशिबानं वाचलं, पण घोट्यापासून वर नडगीपर्यंतचं मांस आणि कातडी पार गेली होती. जखम धुवायची, बांधायची, पुन्हा उघडायची, असं चाललं होतं. नवरा शेतीचं बघून बाजाराच्या दिवशी तेवढा येई, बाकी ती एकटीच. कण्हायची नाही, कुरकुरायची नाही. सर्जनसाहेबांना तिनं दाखल झाल्यापासून एकच गोष्ट विचारली होती.

"साहेब, आंडेरनं लगीन शे. पंगतमा वाढाले मी उभी र्‍हासू ना?"

आंडेर म्हणजे मुलगी. एकुलती एक. लग्न ठरलेलं होतं, सुगी आटोपली की बार उडायचा होता. आणि आमच्या खानदेशात मुलीच्या आईनं व्याह्यांच्या पंगतीत स्वतः तुपाची वाटी घेऊन फिरलं नाही, तर ते लग्न झालं असं कोणी मानत नाही.

साहेब नागपूरकडचे. माणूस चांगला, पण बोलणं तोडून टाकल्यासारखं. एके दिवशी त्यांनी मला पट्टी उघडलेली असताना बोलावून घेतलं. जखम मी पाहिली. लाल, ओली हवी ती फिकट पडली होती, शिळ्या मांसासारखी.

"मांडीची कातडी काढून इथे लावायचीय," ते म्हणाले. "पण ही जमीनच नापीक आहे. कातडी धरायची नाही. बाईच्या अंगात काही नाहीच. काय खायला घालता तुम्ही हिला?"

असा राग आला म्हणता! मी तिच्यासाठी खास आहार लावला होता. ती माळकरी, त्यामुळे अंडं बाद. म्हणून घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, दूध पावडरचं दूध, ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी, जळगावकडून येणारी केळी. जखम भरायला जे जे लागतं ते सगळं. मी ते तावातावानं सांगितलं.

"लावलंत हो," साहेब म्हणाले, "पण ती खाते कुठे? सिस्टर सांगतात, नको म्हणते. असंच चाललं तर नाकातून नळी घालून भरवू. आणि त्यानंही नाही भागलं तर पाय ठेवण्यात अर्थ नाही. खाली विष भिनायला लागलं तर बाई जाईल."

अक्काला मराठी कळत होती. ती छताकडे बघत होती. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

मी साहेबांकडून आठ-दहा दिवस मागून घेतले आणि कंबर कसली. आधी वाटलं, चवीचा प्रश्न असेल. दवाखान्याचं जेवण म्हणजे आळणी. साहेबांची परवानगी काढून मीठ-तिखट वाढवलं. मग वाटलं, खेड्यातल्या माणसाला घरचं लागतं, म्हणून स्वतः उभी राहून वांग्याची भाजी घोटायला लावली. ठेचा दिला. एकदा तर माझ्या आईनं पाठवलेलं लोणचं डब्यातून नेऊन तिच्या ताटात वाढलं. ताटात पहिल्यांदा पडायचं तेवढं ती पुसून खायची. अर्धी-चतकोर भाकरी, डावभर वरण. वॉर्डभर तेवढंच पहिल्यांदा वाढायचे, हवं त्यानं मागून घ्यावं, अन्न वाया जाऊ नये, असा हिशेब. मग नाना विचारत, "आखो देऊ का?" आणि ती ताटावर हात आडवा धरून म्हणे, "नही भाऊ, बस."

"अक्का, गोड लागत नही का?" मी विचारायची.

"लागस ना बाई. बठ्ठं गोड शे."

"मंग खा ना!"

"पोट भरी गे, बाई."

डोकं फिरायचं माझं. मुलीच्या लग्नात उभं राहायचंय आणि खायला मात्र नको! एकदा मी तिला चांगलं झापलं. लग्न काय झोळीत बसून लावणार आहेस का, असं काहीसं बोलले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री मला झोप लागेना, पण उपाय काही सुचेना. साहेबांनी नळी मागवून ठेवल्याचं सिस्टरनं सांगितलं.

तिच्या शेजारच्या खाटेवर एक मारवाडी आजी होत्या, मांडीचं हाड मोडलेल्या. गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. जेवण घरून येई, सून घेऊन येई. डोक्यावरून पदर, हातात चार पुडांचा पितळी डबा. ती जेवू घालायची ते बघण्यासारखं असायचं. आजी एक फुलका खाऊन "बस" म्हणायच्या. सून म्हणायची, "माँजी, एक तो और लेवो." आजी मान हलवायच्या. सून डबा झाकायची, पुन्हा उघडायची. "आधो." आजी नाही म्हणायच्या. मग शेवटचं अस्त्र, "थांनै म्हारी सौगन!" सुनेची शपथ पडल्यावर आजी सुस्कारा टाकायच्या आणि अर्धा सोडून सबंध फुलका खायच्या. दोघींच्या चेहऱ्यावर समाधान.

एकदा दुपारी मी वॉर्डात गेले तेव्हा ती सून अक्काच्या खाटेपाशी उभी होती. वाटीत मुगाचा शिरा होता. अक्का हात आडवा धरून "नही, नही" म्हणत होती. मी मनात म्हटलं, बाई गं, तू कशाला दमतेस, आम्ही सगळे थकलो. सुनेनं वाटी मागे घेतली नाही. पुन्हा म्हणाली, "थोडो सो." पुन्हा नाही. तिसऱ्यांदा ती हसली, अक्काचा आडवा हात स्वतःच्या हातानं बाजूला केला आणि वाटी पुढ्यात ठेवली. "म्हारे हाथ रो है, अक्का. ना मत कहो."

आणि अक्कानं शिरा खाल्ला. वाटी बोटानं निपटून खाल्ला.

मी दारातच उभी राहिले. सून जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मनवार के बिना कौन जीमे?" मनवार म्हणजे त्यांच्याकडचा आग्रह. आग्रहाशिवाय जेवतं कोण!

मी अक्काच्या खाटेवर जाऊन बसले. या वेळी आवाज चढवला नाही. विचारलं, "अक्का, खरं सांगा. भूक लागस का?"

तिनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. मग चोरी पकडल्यासारखी म्हणाली, "लागस ना बाई. पन तो भाऊ एकच दाव ईचारस. मी नही म्हनस, नि तो निंघी जास."

"मंग पयलाच दाव हो म्हना ना!"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला वॉर्डात लुगडं फेडायला सांगितलं. "पयलाच दाव हो म्हननं बरं दिखस का? हाई काय आपलं घर शे का? लोके म्हनतीन, खादाड बाई शे."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. अहो, मी धरणगावची! पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणायचं नसतं हे मी काय शिकायला हवं होतं? माझ्या मामांच्या घरी मीही पहिल्यांदा नाहीच म्हणायची. पहिलं 'नको' हे नमस्कारासारखं असतं. दुसरं पोटाला विचारून येतं. तिसऱ्या विचारण्याला जे उत्तर येतं ते खरं. लग्नाच्या पंगतीत, वरण-बट्टीच्या जेवणावळीत, हा खेळ मी जन्मभर खेळले होते. पण पांढरा कोट घातला आणि वॉर्डात शिरले की 'नको' म्हणजे नको, असं मला वाटायला लागलं होतं. कागदावरही तसंच चढत होतं. बाई रीतभात पाळत होती, आणि आम्ही त्या रीतीनंच तिला उपाशी मारत होतो. आणि ही एकटी नसणार. नानांच्या त्या भरधाव गाडीमागे किती जण हात आडवा धरून, मनातल्या मनात दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत राहिले असतील कोण जाणे.

त्या संध्याकाळी मी नानांना पकडलं. "नाना, उद्यापासून एकदाच विचारून जायचं नाही."

नाना भडकले. "बाई, ह्यो दवाखाना हाय का लग्नाचा मांडव? एकेकाच्या मिनत्या करीत बसलो तर शेवटच्या खाटेला वरण गार जाईल. तुमीच सांगितलं व्हतं, गरम पोचलं पाहिजे!"

माझेच दात माझ्याच घशात. मेट्रनबाईंनीही नाक मुरडलं. शिस्त बिघडेल, पेशंट डोक्यावर बसतील. शेवटी मी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, शिऱ्यासकट. ते ऐकून घेत होते की नाही कळेना. मग त्यांनी अक्काचा केसपेपर ओढला, औषधांच्या खाली काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे सरकवला. दोन इंजेक्शनं, एक गोळी, आणि खाली देवनागरीत, 'आग्रह — दोन्ही जेवणांबरोबर.' चेहऱ्यावर हसू नाही. म्हणाले, "आता ऑर्डर आहे. मेट्रनला दाखवा."

ऑर्डर म्हटल्यावर नाना सरळ झाले. पण पहिल्या दिवशी त्यांचा आग्रह म्हणजे पोलिसी खाक्या होता. "घ्या! साहेबांचा हुकूम हाय!" अक्का घाबरली आणि खरंच नको म्हणाली. मी नानांना बाजूला घेतलं. म्हटलं, "नाना, तुमच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांना असंच वाढलंत का?" नानांनी टोपी सारखी केली. मग परत खाटेपाशी गेले, कमरेत वाकले, आणि दवाखान्यातली रोजची भाषा सोडून एकदम आपल्या खानदेशी बोलीत शिरले.

"अक्का, हाऊ घास तुमनी आंडेरना नावना. नही म्हननं नही."

अक्कानं हात आडवा धरला, पण बोटं विलग होती. नानांनी त्यातूनच भाकरी ताटात सोडली. "नि हाऊ जवाईना नावना." दुसरा तुकडा. "नि ईहीनबाई काय रुसतीन का आते? हाऊ तिना." विहिणीचं नाव निघाल्यावर सबंध वॉर्ड हसला, आजीसुद्धा, आणि हसता हसता अक्का जेवली.

नानांना मग चेवच आला. अक्कापुरता आलेला हुकूम त्यांनी सगळ्या वॉर्डाला लागू करून टाकला. कोणाला लेकाच्या नावाचा घास, कोणाला गायीच्या नावाचा. वरण गार होऊ नये म्हणून आम्ही दोन पातेल्यांत विभागून आणायला लागलो. सांडलवंड वाढली, मेट्रनबाई चिडचिड करत राहिल्या, आणि जेवणाच्या वेळी वॉर्डात गलका व्हायला लागला. तो गलका मला फार आवडायचा.  आजारी बायका एकमेकींना "खाय व बाई, खाय" म्हणतायत, आणि मधोमध वाकलेले नाना. त्या दिवसांइतकं भरल्या पोटाचं सुख मला पुढे कुठल्याही नोकरीत मिळालं नाही.

सगळं एकदम सुरळीत झालं असं मात्र नाही. अक्काला मधे ताप आला, दोन दिवस पुन्हा काही जाईना, आणि साहेबांच्या टेबलावरची नळी तशीच होती. मी नवस बोलले. हे कोणाला सांगितलं नाही, आहारतज्ज्ञानं नवस बोलणं बरं दिसत नाही. मग ताप उतरला. हळूहळू जखमेचा रंग पालटला. पट्टी सोडताना एकदा साहेब थांबले आणि बोटानं दाखवून म्हणाले, "बघा, जमीन लागवडीला आली." त्यांनी मांडीची कातडी लावली. पट्टी उघडायच्या दिवशी मी वॉर्डात गेलेच नाही, स्वयंपाकघरात कांदे निवडत बसले. नाना धावत आले. एवढा उंच माणूस दारात उभा राहून धापा टाकत होता. "धरली, बाई. कातडी धरली."

पुढे कुबडी, मग काठी, मग भिंतीचा आधार. घरी जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी ओरडलेच, "पाय दुमडू नका अजून!" निरोपही धड देता येत नाही माझ्यासारख्या बाईला.

सुगीनंतर तिचा नवरा हळदीच्या अक्षता घेऊन दवाखान्यात आला. साहेबांना सुट्टी नव्हती, नानांच्या घरी आजारपण होतं. मी एकटी गेले. एसटीनं भडगाव, पुढे बैलगाडी. गाडीवाल्यानं सांगितलं, हीच ती गाडी. मी सबंध वाट चाकाकडे रागानं बघत बसले.

मांडवात पंगत बसली होती. मला विहिणींच्या ओळीत मानानं बसवलं. बट्ट्या आल्या, वरण आलं, घोटलेली वांग्याची भाजी आली. आणि मग मांडवाच्या त्या टोकाला मला अक्का दिसली. हिरवं लुगडं, कमरेवर बट्ट्यांची टोपली, हातात तुपाची वाटी. थोडी लंगडत होती, पण आपल्या पायांवर. एकेका पानापुढे वाकत, तुपाची धार सोडत, "नही म्हननं नही" म्हणत ती ओळीतून पुढे सरकत होती. माझ्यापाशी आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि तोंडभर हसू.

"बाई, आखो एक बट्टी."

मला भूक होती. गाडीच्या दणक्यांनी पोटात कावळे ओरडत होते. पण मी ताटावर हात आडवा धरला. "नको."

ती पुढे गेली, ओळ संपवून वळली, परत आली. तो पाय मातीत नीट टेकत होता. बोटं, टाच, बोटं, टाच. "घ्या ना बाई, आंडेरना नावना."

"नको," मी पुन्हा म्हटलं.

ती पुन्हा गेली, पुन्हा आली. शेजारची विहीण म्हणाली, "घेऊन टाका की हो बाई, किती फेऱ्या मारायला लावता त्या माउलीला!"

मी ताटावरचा हात काढला नाही. तिला काय सांगणार? मांडवाच्या त्या टोकापासून माझ्या पानापर्यंत अक्का चालत येत होती, आणि ते मला आणखी एकदा बघायचं होतं.